जलरंगातून स्वतःला व्यक्त करताना: प्रौढपणी चित्रकलेकडे वळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी रविवारी सकाळी प्रौढांसाठी जलरंगाचा एक लहानसा वर्ग घेतो. निवृत्त शिक्षक, गृहिणी, दवाखाना सांभाळून येणारे डॉक्टर असे लोक त्यात असतात. बहुतेकांनी शाळा सुटल्यानंतर ब्रश हातात धरलेला नसतो. वर्गात तोंडी आणि वर्गाबाहेर लेखी येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. कोणतेही उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चित्रातून स्वतःला व्यक्त करायचे म्हणजे नेमके काय करायचे? मनात येईल तसे रंग लावायचे का?

तसे करण्यास कोणाची हरकत नाही, परंतु त्यातून आपण व्यक्त होऊच असे नाही. माझ्या समजुतीप्रमाणे चित्रातील अभिव्यक्ती ही मुख्यतः निवडीतून येते. समोर दिसणाऱ्या असंख्य गोष्टींतून आपण काय घेतले, काय मोठे केले आणि काय सरळ सोडून दिले, यात आपण दिसतो. एकाच पिंपळाच्या पारासमोर दहा जणांना बसवले, तर कोणी बुंध्याच्या सुरकुत्या काढतो, कोणी पारावर काढून ठेवलेल्या चपला, तर कोणाला पानांच्या मधून दिसणारे आकाशाचे तुकडेच तेवढे महत्त्वाचे वाटतात. ही निवड कोणी शिकवलेली नसते. तंत्र शिकावे लागते ते ही निवड कागदावर नीट उतरावी म्हणून. भावना रंगात कशी आणावी, या नेमक्या प्रश्नाचे उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे.

२. माझे वय ५४ आहे. शाळेत चित्रकलेचे सर नेहमी ‘हात कच्चा आहे’ म्हणायचे. आता सुरुवात करण्यात काही अर्थ आहे का?

अर्थ आहे. महाराष्ट्रात अनेकांचा चित्रकलेशी संबंध एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांपाशी जुळतो आणि तेथेच तुटतो. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन अशा त्या परीक्षांतील विषयांना प्रमाणबद्धता, नीटनेटकेपणा आणि वेळेत काम पुरे करणे आवश्यक असते. ही कौशल्ये उपयोगी आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांत मिळालेली ‘सी’ श्रेणी हा आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे की नाही याचा निकाल नव्हे.

कृष्णाजी हौळाजी आरा यांचे उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. हैदराबादजवळच्या बोलारम येथे जन्मलेले आरा लहानपणी घरातून पळून मुंबईला आले, घरकाम करून राहिले, आणि कलाशाळेची पदवी नसताना १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांपैकी एक झाले. फुलदाणी आणि फळे यांसारखे साधे विषय त्यांनी जलरंगात रंगवले.

प्रौढ वयातील खरी अडचण वेगळी असते. आपण आयुष्यभर चांगली चित्रे, छायाचित्रे, चित्रपट पाहिलेले असतात, त्यामुळे डोळा तयार असतो आणि हात मात्र पहिलीत असतो. स्वतःच्या चित्रातील प्रत्येक चूक आपल्याला दिसते, ती सुधारता मात्र येत नाही. पहिले तीस-चाळीस कागद केवळ सरावाचे आहेत असे आधीच ठरवून टाकले, तर हा काळ सुसह्य होतो.

३. जलरंगच का? ते सर्वांत अवघड माध्यम आहे असे ऐकले आहे.

ते खरे आहे, कारण यात चूक झाकता येत नाही. तरीही घरातल्या जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटांत मांडता येणारे, वास न येणारे, पाण्याने साफ होणारे आणि पिशवीत घालून नदीच्या घाटावर नेता येणारे दुसरे रंगमाध्यम नाही. तैलरंगाला टर्पेंटाइन, जागा आणि वाळण्याचे अनेक दिवस लागतात. अॅक्रिलिक इतके लवकर वाळते की ब्रश धुवायला विसरलात तर तो कायमचा गेला. ज्यांना हे रंग आवडतात त्यांनी तेच वापरावेत. या पानावरील साहित्याविषयीची उत्तरे वगळता बाकी सर्व त्यांनाही लागू आहेत.

४. सुरुवातीला साहित्य कोणते घ्यावे? कुठे पैसे घालवावेत आणि कुठे वाचवावेत?

पैसे कागदावर घालावेत, हे एका वाक्यातील उत्तर. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक महागडे रंग आणि ब्रशचा मोठा संच घेऊन येतात आणि ते सगळे शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीत वापरतात. तो पातळ कागद पहिल्याच वॉशला (पाणीदार रंगाच्या पसरट थराला) फुगतो, खळग्यांत पाणी साचते आणि रंग डागाळतो. मग माणूस स्वतःला दोष देतो. कागद किमान २०० ग्रॅम (दर चौरस मीटरला) वजनाचा आणि शक्य असल्यास ३०० ग्रॅमचा, जलरंगासाठी म्हणूनच तयार केलेला असावा. सुती कागद महाग पडतो, म्हणून २२ × ३० इंचांचा पूर्ण ताव घेऊन त्याचे चार किंवा आठ तुकडे करावेत. छोट्या तुकड्यांवर जास्त चित्रे होतात आणि कागद वाया जाण्याची धास्ती कमी होते.

रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील, ट्यूब असोत किंवा केक. बारा-चोवीसच्या संचाऐवजी सात सुटे रंग पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. दोन ब्रश घ्यावेत, एक बारा नंबरचा टोकदार राउंड आणि एक इंचभर रुंदीचा फ्लॅट. बारीक ब्रश सुरुवातीला घेऊच नये. तो हातात आला की माणूस पानेच मोजू लागतो. पॅलेट म्हणून पांढरी चिनी मातीची बशी उत्तम. पाण्यासाठी मात्र दोन भांडी हवीत, त्याचे कारण पुढच्याच उत्तरात आहे.

५. माझ्या पेटीत चोवीस रंग आहेत, तरी माझे प्रत्येक चित्र मळकट दिसते. असे का?

रंग जास्त असल्यामुळेच बहुधा तसे होत असावे. मळकटपणाची कारणे मुख्यतः तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिले कारण मिश्रणाचे आहे. परस्परविरोधी रंग, उदाहरणार्थ तांबडा आणि हिरवा किंवा जांभळा आणि पिवळा, एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि करडा होतो. स्वस्त संचातील अनेक रंग मुळातच दोन-तीन रंगद्रव्यांचे मिश्रण असतात. आपण त्यांपैकी दोन मिसळतो तेव्हा प्रत्यक्षात पाच-सहा द्रव्ये एकत्र येतात. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो, उदाहरणार्थ अल्ट्रामरीनवर ‘पीबी २९’. एकच संकेत असलेली ट्यूब घ्यावी आणि एका वेळी दोनच रंग मिसळावेत.

दुसरे कारण पाण्याचे. एका भांड्यात ब्रश धुवावा आणि स्वच्छ पाणी दुसऱ्यातून घ्यावे. धुण्याचे पाणी चहासारखे दिसू लागले की ते बदलावे.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे वेळ. ओल्या कागदावर दिव्याचा प्रकाश तिरपा घेऊन पाहावे. पाणी चकाकत असते तोवर रंग त्यात सोडता येतो आणि तो मऊ पसरतो. चकाकी पूर्ण जाऊन कागद हाताच्या पालथ्या बाजूला थंड लागेनासा झाला की दुसरा थर देता येतो. या दोहोंच्या मधला जो काळ असतो, म्हणजे चकाकी नुकतीच गेली आहे पण कागद आतून ओला आहे, त्या वेळी ब्रश लावला की आधीचा थर उचकटतो आणि फुलकोबीसारख्या कडांचे डाग पडतात. ते पुसायला गेले की चिखल होतो. अशा वेळी हात मागे बांधून बसणे हाच उपाय आहे, आणि तो शिकवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

करडा रंग हवाच असेल, तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळावेत. पावसाळी आकाशापासून जुन्या लाकडापर्यंत सर्व छटा त्या दोघांतून निघतात.

६. पांढरा रंग वापरू नका असे का सांगतात? पेटीत तर तो दिलेला असतो.

पारदर्शक जलरंगात प्रकाश रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि परत येतो, म्हणून चित्र आतून उजळल्यासारखे वाटते. पांढरा रंग हा प्रकाश अडवतो आणि चित्र खडूसारखे फिके पडते. त्यामुळे जे पांढरे हवे ते कागदच सोडून मिळवायचे असते, आणि काय सोडायचे हे रंग लावण्याच्या आधी ठरवावे लागते.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. बोटांच्या कडांतून झिरपणारा आणि चेहऱ्यावर चढणारा तो प्रकाश पाहून पुष्कळ जण ते तैलचित्र समजतात, आणि त्याहून अधिक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते जलरंगात केलेले आहे.

याला अपवाद आहेत. पांढरा मिसळून अपारदर्शक पद्धतीने रंगवणे ही स्वतंत्र आणि जुनी रीत आहे. आपली लघुचित्रे त्याच जातीची आहेत. एकाच चित्रात दोन्ही रीती नकळत मिसळल्या, की मात्र चित्र फसते.

७. मनातली भावना, विशेषतः दुःख, रंगात कसे आणायचे? मी काळा आणि निळा वापरून पाहिला, पण ते खोटे वाटते.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारणाऱ्याला उत्तराचा अर्धा भाग आधीच सापडलेला असतो, कारण ते खोटे वाटते हे त्याला कळलेले असते. निळा म्हणजे उदास, लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे आनंद ही समीकरणे बाजारात तयार मिळतात. त्यांत कोणाचेही दुःख बसते, म्हणून आपले बसत नाही. भावनेचे नाव रंगवता येत नाही. ती भावना ज्या वस्तूला किंवा ज्या जागेला चिकटलेली आहे, ती वस्तू रंगवता येते.

आमच्या वर्गातील एका बाईंना वडिलांच्या जाण्याविषयी चित्र करायचे होते. पहिल्या तीन रविवारी त्यांनी काळ्या-निळ्या भोवऱ्यांचे तीन कागद केले आणि तिन्ही फाडले. चौथ्या रविवारी मी त्यांना एवढेच विचारले, की घरात गेल्यावर वडील नाहीत हे सर्वांत आधी कुठे दिसते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, दाराजवळच्या खुंटीपाशी. वडिलांचा कोट तिथे चाळीस वर्षे अडकवलेला असे. आता खुंटी रिकामी होती, पण कोटाच्या सततच्या घासण्याने भिंतीवर खांद्यांच्या आकाराचा एक तेलकट, पिवळसर डाग राहिला होता.

त्यांनी कागदावर यलो ऑकर आणि किंचित अल्ट्रामरीनचा अगदी पातळ वॉश भिंत म्हणून दिला. तो ओलसर असतानाच खुंटीच्या खाली बर्न्ट सिएनाचा एक हलका डाग सोडला आणि त्याच्या कडा कोरड्या ब्रशने टिपून घेतल्या, त्यामुळे डाग कोठे सुरू होतो ते सांगता येईना. खुंटी शेवटी एका फटक्यात काढली. चित्रात माणूस नाही, काळा रंग नाही, आणि तांत्रिकदृष्ट्या खुंटी जरा वाकडीही आहे. वर्गातील कोणालाही मागची हकिगत ठाऊक नसताना तीन जणांनी विचारले, ‘हे कोणाचे घर?’

म्हणून माझा सल्ला असा की ब्रश उचलण्याआधी एका कागदावर भावनेचे नाव न लिहिता केवळ जागा, वस्तू, वेळ आणि उजेडाची दिशा लिहावी. ‘एकटेपणा’ असे लिहिले तर पुढे काही सुचत नाही. ‘संध्याकाळी साडेसहा, गॅसवर एकच वाटी चहाचे पातेले’ असे लिहिले, की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

ज्यांना वस्तूच नको आहेत त्यांनी प्रश्न १३ पाहावा.

८. विषयच सुचत नाही. रोज नवीन काय काढायचे?

रोज नवीन काही काढू नये. कोल्हापूरचे अबालाल रहिमान मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत आले आणि कोटितीर्थ तलाव व त्याच्या आसपासचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. आपल्या गॅलरीतून दिसणारी पाण्याची टाकी महिनाभर वेगवेगळ्या वेळी रंगवून पाहावी. पहिल्या आठवड्यात ती कंटाळवाणी वाटते, आणि दुसऱ्यात आपण टाकीऐवजी तिची सावली काढू लागतो.

९. इंटरनेटवरचा फोटो पाहून चित्र काढले तर ते माझे म्हणता येईल का?

सरावासाठी काढण्यात काहीच वावगे नाही; जुन्या चित्रकारांच्या नकला करूनच पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार शिकले. परंतु फोटोमध्ये निवड आधीच झालेली असते: चौकट कोणी तरी ठरवली आहे, क्षण कोणी तरी पकडला आहे. प्रश्न १ मध्ये म्हटलेला आपला वाटा त्यात फारच थोडा उरतो.

कायद्याची बाजू वेगळी आहे. छायाचित्राचा हक्क सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याकडे असतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या कृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. घरच्या अभ्यासासाठी केलेली नक्कल वहीत ठेवणे आणि ती आपल्या नावाने प्रदर्शनात मांडणे किंवा विकणे यांत म्हणूनच मोठा फरक आहे. स्वतःच काढलेला फोटो हा सोपा मार्ग आहे; तरी तोसुद्धा पाच मिनिटे पाहून बाजूला ठेवावा आणि आठवेल तेवढेच काढावे. जे विसरले ते बहुधा लागत नव्हतेच.

१०. मी व्हिडिओ पाहून शिकते. आता माझी सगळी चित्रे त्या शिकवणाऱ्यासारखीच दिसतात. काय करावे?

काही काळ तसे होणारच, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. आवाज लावायला शिकताना गुरूची ढब गळ्यात येतेच. व्हिडिओतून हाताची हालचाल आणि पाण्याचे प्रमाण घ्यावे, विषय मात्र घेऊ नये. तेथे परदेशी बर्च वृक्षांचे जंगल शिकवले असेल, तर तेच तंत्र आपल्या आवारातल्या शेवग्यावर वापरून पाहावे. शेवग्याची विरळ सावली ते तंत्र जसेच्या तसे स्वीकारत नाही आणि जेथे ते अडते तेथे आपल्याला स्वतःचा उपाय शोधावा लागतो.

११. मला फक्त गणपतीच काढावासा वाटतो. ही अभिव्यक्ती म्हणायची की नुसती भक्ती?

दोन्ही एकाच वेळी असू शकते. विषय जुना आहे म्हणून पाहणे जुने होत नाही. गोव्यात जन्मलेले आणि शांतिनिकेतनात शिकलेले अँजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून जलरंगात ख्रिस्ती विषय रंगवत. युरोपात शतकानुशतके रंगवलेली मेरी माता त्यांच्या कागदावर साडी नेसून आली. विषयात तसूभर बदल नव्हता, तरी ते पूर्णपणे त्यांचे होते.

गणपतीच्या बाबतीत धोका एवढाच आहे की त्याचा आकार आपल्या हाताला न पाहता येतो. सोंडेचा एक वळसा आणि दोन कान काढले की तो तयार होतो. असा हातवळणाचा गणपती सोडून आपल्या देव्हाऱ्यातील, शेंदराचा थर चढून नाक-डोळे पुसट झालेला गणपती समोर ठेवून काढून पाहावा.

१२. वारली शैलीत चित्रे काढणे मला जमते आणि मन शांत होते. ते माझे स्वतःचे मानावे का?

मन शांत होणे आपले आहे, शैली मात्र वारली समाजाची आहे, आणि हा फरक स्पष्टपणे सांगितला जावा असे मला वाटते. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक आणि त्यातील पालघट देवी हा त्या समाजाच्या विधीचा भाग आहे. डहाणू परिसरातील जिव्या सोमा मशे यांनी विधीच्या बाहेर, रोज आणि कागदावर चित्रे काढून त्याच चिन्हांतून स्वतःचे जग उभे केले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. घरची भिंत रंगवण्यास अडचण नाही, परंतु विक्री करताना ‘अस्सल वारली’ असे म्हणू नये, आणि देवीचा चौक ट्रेवर किंवा पायपुसण्यावर छापू नये.

तारप्याभोवतीचा (तारपा हे वारल्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य) नाच आपण पाहिलेला नसेल, तर त्याच त्रिकोणी आकृत्यांतून आपल्या सोसायटीतील पाण्याच्या टँकरभोवतीची रांग काढून पाहावी. ते उसने वाटते की आपले, हे काढताना हाताला कळते.

१३. अमूर्त चित्र काढणे सोपे असते का? आकार जमत नाहीत म्हणून तिकडे वळावे का?

आकार जमत नाहीत म्हणून वळू नये. ओळखीच्या वस्तू नसलेल्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले, १९२४ साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे जे. जे. स्कूलचे पदविकाधारक होते आणि सुरुवातीला त्यांनी आकृतिप्रधान चित्रे केलेली आहेत. पुढे रोलर आणि सुरीने तैलरंगाचे थर चढवत व उतरवत ते वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण करीत. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणेही त्यांना पसंत नव्हते.

जलरंगात या दिशेने जायचे असल्यास दोनच रंग आणि एकच प्रश्न घेऊन बसावे, उदाहरणार्थ ‘ही कड कोठे मऊ आणि कोठे कडक ठेवायची?’. चित्र पूर्ण झाले हे ठरवणारी वस्तू समोर नसते, त्यामुळे केव्हा थांबावे हे कळणे येथे सर्वांत अवघड असते. सुरुवात करणाऱ्याने अर्ध्या तासाचा गजर लावावा.

१४. चांगली मूळ चित्रे पाहायला कोठे जावे?

छापील चित्रात कागदाचा पोत आणि चित्राचे खरे आकारमान हरवते, म्हणून मूळ चित्रे अवश्य पाहावीत. मुंबईत काळा घोड्याची जहांगीर कलादालन ही १९५२ पासूनची वास्तू आहे आणि जवळच सर कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. माझे सर्वांत आवडते ठिकाण मात्र सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय. ते उभारणारे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. राज्यकारभार सांभाळून ब्रश हातात धरणाऱ्या त्या माणसाने जमवलेला संग्रह टेकडीवर आहे. गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये फोन्सेका यांच्या चित्रांचा संग्रह आहे. जलरंग उजेडाने फिके पडतात, त्यामुळे ते नेहमीच बाहेर मांडलेले नसतात. जाण्यापूर्वी चौकशी करावी.

१५. पावसाळ्यात रंग वाळतच नाहीत आणि कागदावर ठिपके उमटतात. हे कशामुळे?

जलरंगाच्या कागदाला सरसाचा लेप असतो आणि त्यामुळेच रंग पृष्ठभागावर राहतो. ओल आणि बुरशीने हा लेप जागोजाग मरतो. तेथे कागद टिपकागदासारखा रंग शोषतो. एका जूनमध्ये मी कागदांचा अख्खा गठ्ठा भिंतीलगतच्या कपाटात तसाच ठेवला. ऑगस्टमध्ये आकाशाचा वॉश दिला, तर निळ्यात देवीच्या व्रणांसारखे गडद ठिपके उमटत गेले, आणि वाईट हे की कोऱ्या कागदावर ते मुळीच दिसत नव्हते. तेव्हापासून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि भिंतीपासून दूर ठेवतो. असे बाधित कागद पेन आणि शाईच्या रेखाटनांना चालतात.

वाळण्याच्या बाबतीत, केस वाळवण्याचे यंत्र हातभर अंतरावरून वापरण्यास हरकत नाही. खरे तर कोकणात किंवा मुंबईत जुलैमधील दमट हवा ओल्यावर ओले काम करण्यासाठी फार चांगली. उन्हाळ्यात नागपूरला जो वॉश क्षणात वाळतो तो येथे दहा मिनिटे खेळवता येतो.

१६. मला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. चित्रकला माझ्यासाठी नाही का?

अवश्य आहे. चित्र उभे राहते ते रंगाच्या नावापेक्षा त्याच्या गडद-फिकेपणावर, आणि तो आपल्यालाही दिसतो. ट्यूबवर नावे ठळक लिहावीत, पॅलेटवर रंगांच्या जागा कायम ठेवाव्यात आणि निळा-पिवळा या जोडीवर भर द्यावा. झाडाला चुकून तपकिरी रंग लागला तर लागू द्यावा. तसे दिसणे हाही आपल्या पाहण्याचाच भाग आहे.

१७. वयामुळे हात थरथरतो. काय करता येईल?

मोठा ब्रश, मोठा कागद आणि उभे राहून, मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवणे, या तीन गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो. थरथर नवीन असेल किंवा वाढत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

१८. फार खचलेल्या मनःस्थितीत चित्र काढल्याने बरे वाटेल का?

काही वेळ बरे वाटू शकते आणि ते मोलाचे आहे. परंतु आमचा वर्ग किंवा कोणताही छंदवर्ग म्हणजे उपचार नव्हे. कलोपचार ही प्रशिक्षित व्यक्तीने करण्याची वेगळी गोष्ट आहे. झोप, जेवण, कामकाज यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. अशा दिवसांत चित्र चांगले यावे अशी अट स्वतःला घालू नये. नुसत्या रंगपट्ट्या काढाव्यात.

१९. घरचे चित्र पाहून हसतात. दाखवावे की नाही?

वाळलेले चित्र आठवडाभर कोणालाही दाखवू नये, हा माझा नियम आहे. ताजे चित्र दाखवले की पुढचे चित्र आपण त्या माणसाच्या शेऱ्याला उत्तर म्हणून काढतो. कौतुकाचाही परिणाम तोच होतो, उलट तो अधिक चिवट असतो.

२०. ओळखीच्या एकांनी पैसे देऊन त्यांच्या वाड्याचे चित्र करून घेतले. आता त्यांनी ते दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापले आहे. माझी परवानगी लागत नाही का?

येथे बरेच जण फसतात. एरवी चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे असतो आणि चित्र विकले तरी तो आपोआप जात नाही. मात्र कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन चित्र केले असेल, तर वेगळा करार नसल्यास कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला हक्क करून घेणाऱ्याचा असतो. म्हणून पैसे स्वीकारण्याआधीच, ‘छपाईचा हक्क चित्रकाराकडे राहील’ असे एक ओळीचे लेखी मान्य करून घ्यावे. चित्रकार म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि चित्राची मोडतोड करून बदनामी झाल्यास दाद मागण्याचा हक्क मात्र कलम ५७ नुसार आपल्याकडेच राहतो. रक्कम मोठी असेल, तर वकिलांचा सल्ला घेणे इष्ट.

२१. सही कोठे आणि कशाने करावी?

खालच्या कोपऱ्यात, चित्रातच वापरलेल्या एखाद्या रंगाने आणि चित्र पूर्ण वाळल्यावर करावी. मराठीत करावी की इंग्रजीत, हे आपण ठरवावे. फक्त दर वेळी बदलू नये. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) बसवताना कडेचा सुमारे पाव इंच भाग झाकला जातो, तेवढी जागा सोडावी. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने तारीख, जागा आणि वापरलेले रंग लिहावेत. बॉलपेनने लिहू नये, त्याचे उठाव पुढच्या बाजूने दिसतात.